मल्हारीचा गार पाय

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायको चाळीस वर्षं सोबत आहे, तिला नाही. पोरांना नाही. विहारात डोळे मिटून बसतो, तिथंही ही गोष्ट मनात यायला लागली की मी डोळे उघडतो आणि पंख्याकडं बघत राहतो. आज तुमच्यासमोर बोलतोय. आजच का — ते मलाही नीट ठाऊक नाही. सुनेनं आणलेल्या मलमामुळं असेल.

तिथूनच सुरू करतो. मागच्या महिन्यात सुनेनं मला ओठांना लावायचं मलम आणून दिलं. म्हणाली, बाबा, तुमचे ओठ किती काळे पडलेत, रोज लावत जा. मी पटकन म्हणालो, मी मूळचाच काळा, ओठ काय निराळे असणार? ती हसली. विषय संपला. आणि मी डबी हातात घेऊन तिथंच बसून राहिलो. कारण हे वाक्य मी जन्मभर वापरत आलोय. मूळचाच काळा.

काळ्या माणसाची एक सोय असते, बघा. गोऱ्या माणसानं दहा वर्षं बिडी ओढली की त्याचे ओठच चहाडी करतात. डोळ्यांखालचं काळं दिसतं, बोटांचं पिवळं दिसतं. आमचं काही दिसत नाही. म्हणजे दिसतं — पण बघणाऱ्याला बघता आलं पाहिजे. तरुणपणी माझ्या कातडीला चकाकी होती. आई तेल चोळून आंघोळ घालायची, उन्हात उभा राहिलो की खांदे चमकायचे. बिडीनं ती चकाकी खाल्ली. रंग राहिला, तेज गेलं, वर राखेची झाक आली. गाल चाळिशीतच चुरगळले. लोक म्हणायचे, उन्हातान्हात राबलेला माणूस आहे. मीही व्हय म्हणायचो. उन्हात कधी राबलो होतो मी? माझं सगळं आयुष्य पंख्याखाली गेलं.

पण मला माझ्या तोंडाबद्दल बोलायचं नाही. तोंड माझं, बिडी माझी, माझं मी निस्तरीन. मला एका पायाबद्दल बोलायचंय. तो पाय माझा नव्हता.

थांबा, आधी मी कोण ते सांगतो. मी ड्रेसर. जखमा धुवायच्या, औषध लावायचं, पट्टी बांधायची. नामांतराचा ठराव झाल्यावर मराठवाड्यात जे पेटलं, त्यात आमच्या गावातली बौद्धांची वस्तीही गेली. त्यावर पुष्कळ बोलून झालंय, मी त्यात काय भर घालू? आम्ही शहरात आलो. उस्मानपुऱ्यात मामाच्या एका खोलीत सात माणसं राहिलो, आणि मला सरकारी दवाखान्यात, सर्जरीच्या वॉर्डात काम मिळालं. तिथं विमल सिस्टर होत्या. वयानं मोठ्या, तोंडानं तिखट. पहिल्याच आठवड्यात मी एका माणसाची जखम बघितली आणि म्हणालो, लाली नाही, ठीक आहे. त्यांनी माझ्या मनगटावर चापट मारली.

"आपल्यासारख्या काळ्या अंगावर लाल कुठं शोधतोस रे? हात लावून बघ. उलटा हात. नख दाब, रंग किती वेळानं परत येतो ते बघ. तळवा बघ, ओठ उलटून आतून बघ. वरवर बघणारा ड्रेसर मला नको."

मी शिकलो. लई चांगलं शिकलो. उलटा हात टेकवला की ताप, सूज, आतला पू, सगळं मला हाताला कळायचं. आणि त्याच वॉर्डात मी ते पायही बघितले. तिशी-पस्तिशीतले गडी, धडधाकट, सगळे बिडीवाले. आधी चालताना पोटरी आवळते, थांबलं की सुटते. मग एक पाय गार पडतो. नडगीवरचे केस जातात, कातडी पातळ होते. मग अंगठ्याला कुठंतरी बारीक खरचटतं आणि ते भरतच नाही. मग अंगठा वाळतो. मोठे डॉक्टर प्रत्येकाला एकच सांगायचे — बिडी सोड, नाहीतर पाय सोड. ज्यांनी वेळेत सोडली त्यांतल्या बऱ्याच जणांचे पाय राहिले. मी स्वतः त्यांना चालत घरी जाताना बघितलंय. हे ध्यानात ठेवा. मला माहीत नव्हतं, असं म्हणायची सोय मला नाही.

पुढं मला चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात नोकरी लागली. कारखान्याचा स्वतःचा छोटा दवाखाना — एक खोली, एक खाट, एक कपाट आणि मी. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. ते दिवस वाढीचे होते. वाळूजकडं नवे कारखाने उठत होते, इकडं जालना रोडला शेडवर शेड चढत होती, खेड्यापाड्यांतून माणसं सकाळच्या बसला लोंबकळत भोंग्याला पोचायची. त्यांतलाच एक मल्हारी.

करमाडचा धनगर. घरी मेंढरं, थोडी कोरडवाहू जमीन, आणि हा आमच्याकडं पत्रा दाबायच्या प्रेसवर. उंच. काळा, माझ्याहून काळा, आणि असा तुकतुकीत की घाम आला तर अंगावर तेल ओतल्यागत दिसायचा. आणि चालायचा कसा? मेंढरांमागं मैलोन् मैल गेलेल्या माणसाचं चालणं — घाई नाही, थांबणं नाही. बसथांब्यापासून कारखान्याच्या फाटकापर्यंत पाव तासाची वाट. आम्ही बाकीचे धापा टाकत पोचायचो, हा येऊन निवांत उभा असायचा.

तो मला 'डागदर' म्हणायचा. चिडवायला. मला ते आवडायचं, हेही आता सांगून टाकतो.

आता जे सांगणार आहे ते नीट सांगता यायला हवं. कॅन्टीनमध्ये कोणी कुठं बसायचं याची पाटी नव्हती, पण सगळ्यांना जागा ठाऊक होत्या. मल्हारी माझ्या डब्यातलं खायचा नाही. माझ्या तांब्यातलं पाणी प्यायचा नाही. तो तसं बोलून दाखवायचा नाही, मी विचारायचो नाही. पण बिडी? दवाखान्याच्या मागं एक लिंब होता, त्याखाली पालथं घातलेलं लाकडी खोकं. दुपारच्या सुट्टीत आम्ही दोघं तिथं बसायचो. बिडी एकच पेटवायची. माझे दोन झुरके झाले की तो माझ्या तोंडातली बिडी दोन बोटांनी काढून घ्यायचा आणि स्वतःच्या तोंडात धरायचा. पुसायचाही नाही.

एकदा मीच विचारलं, "हे चालतं व्हय रे तुला?"

"टोकाला जाळ हाय की तिच्या," तो म्हणाला. "जाळाला कसला आलाय विटाळ?"

तो हसला. मीही हसलो. घरी जाताना मात्र बसमध्ये माझे डोळे भरून आले, रागानं का आनंदानं — अजून ठरवता आलेलं नाही. ज्याच्या गावात मला ओसरीच्या वर कुणी बोलावलं नसतं, तो माणूस माझ्या तोंडातलं त्याच्या तोंडात घेत होता. भाकरी नाही, पाणी नाही, पण हे होतं. मला ते पुरत होतं. पुरायला नको होतं, पण पुरत होतं.

नामांतराचे मोर्चे चालूच होते. मी मोर्च्याला जायचो, दुसऱ्या दिवशी कामावर यायचो. वातावरण तापलं की कारखान्यात बोलणं तुटायचं. कालपर्यंत बोटाला पट्टी बांधून घेणारा माणूस आज दारातूनच कापूस मागायचा. एकदा तर फारच ताणलं गेलं होतं. मल्हारीच्या बाजूच्या गावांतली पाच-सहा माणसं दुपारी लिंबाजवळ येऊन उभी राहिली, नुसती बघत. त्यांनी त्याला सकाळीच बजावलं होतं, हे माझ्या कानावर आलेलं. मी बिडी पेटवून खोक्यावर बसलो. येईल का? नाहीच येणार, मी मनाची तयारी केली होती. तो आला. त्या सगळ्यांच्या देखत माझ्या तोंडातली बिडी काढली, लांब झुरका घेतला, धूर वर सोडला आणि माझ्या शेजारी बसला. माणसं थोडा वेळ थांबली आणि गेली.

त्या दिवसापासून ती बिडी माझ्यासाठी बिडी राहिली नाही. तुम्ही म्हणाल, मग काय होती? मला शब्द सापडत नाही. एवढंच सांगतो की मी ती कशासाठीही सोडली नसती.

मग एका हिवाळ्यात मल्हारी वाटेत थांबायला लागला.

आधी पाण्याच्या टाकीपाशी. थांबायचा, खिशातून बंडल काढायचा, बिडी पेटवायचा, मग पुढं निघायचा. सगळ्यांना वाटलं, ओढतोय. मीही आधी तसंच धरलं. मग तो टाकीच्या अलीकडं, चहाच्या टपरीपाशी थांबायला लागला. मग दर दोन खांबांना. आणि ओढताना डावा हात उजव्या पोटरीवर. मी मागून चालत होतो. ते आवळणं मी दहा-पंधरा माणसांचं बघितलेलं होतं. मला तिथंच, रस्त्यावर, कळलं.

खरंच कळलं का? का मी आज मागं वळून तसं म्हणतोय? नाही, कळलं. त्या दिवशी फाटकापर्यंत मी त्याचे थांबे मोजले होते.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःच आला. खाटेवर बसला, बूट काढला, म्हणाला, "डागदर, पाय लई भरून येतोय बघ." मी त्याचा पाय मांडीवर घेतला. उलटा हात लावला. डावा पाय कोमट, उजवा गार. अंगठ्याचं नख दाबलं. पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं, गुलाबी यायला जीव घेतला. नडगीवर केस नव्हते. ज्या अंगावर तेल ओतल्यागत चमक होती, तिथली कातडी निस्तेज, खडूचा हात फिरवल्यासारखी. वरून बघणाऱ्याला काय दिसलं असतं? काळ्या माणसाचा काळा पाय.

मी म्हणालो, थंडीचे दिवस आहेत, शिर आखडली असेल. बाम चोळला. रजिस्टरात लिहिलं: उजवा पाय, मुरगळ, बाम. अक्षर माझंच.

मंगळवारी डॉक्टर आले. गर्दी होती. त्यांनी खुर्चीतून बघितलं आणि मला विचारलं, लाली आहे का? सूज? मी म्हणालो, नाही साहेब. खोटं काय बोललो मी? लाली नव्हतीच. त्या कातडीवर ती कधी दिसलीच नसती, हे मला माहीत होतं, त्यांना सुचलं नाही. डॉक्टरांवर मी काही टाकत नाही. ते मला विचारत होते, कारण हात लावणारा मी होतो. मी विचारलेल्याचं उत्तर दिलं आणि न विचारलेलं गिळून टाकलं.

हिवाळा गेला. उन्हाळा आला, आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे, पत्र्याच्या शेडमध्ये माणूस भाजून निघतो. वैशाखात भर दुपारी त्याचा उजवा पाय मांडीवर घेतला, तर गार. माझ्या मांडीला पायजम्यातून गारवा लागत होता. आता थंडीचं निमित्तही उरलं नव्हतं. मी बाम चोळला.

आणि मग तो दिवस. इतका वेळ इकडंतिकडं करतोय, ते याच्याचसाठी. लिंबाखाली बसलो होतो. बिडी माझ्या तोंडात होती, माझे झुरके चालू होते. बसमध्ये त्याला कुणीतरी काही बोललं होतं. तो पाय पुढं लांब करून बसला. मग म्हणाला —

"डागदर, एक खरं सांग. हे बिडीनं होतंय का?"

सरळ विचारलं त्यानं. याहून सरळ कसं विचारणार? माझ्याकडं बघत होता. मी सर्जरीच्या वॉर्डात वर्षानुवर्षं ऐकलेलं वाक्य माझ्या जिभेवर होतं. पाच-सहा शब्द. मी म्हणालो:

"नाय रे. बिडीनं छातीला होतं. पायाला कसं होईल?"

आणि बिडी तोंडातून काढून मीच त्याच्या पुढं धरली. एरवी तो काढून घ्यायचा. त्या दिवशी मी दिली. त्यानं घेतली.

हे आहे ते. एवढंच आहे. इतकी वर्षं लपवलं, आणि सांगायला बसलं तर किती लहान.

का केलं? मला बिडीवाचून त्याच्याशी बसायची दुसरी रीत ठाऊक नव्हती. त्यानं बिडी सोडली असती तर तो लिंबाखाली कशाला आला असता? माझ्या डब्यातलं खायला? ते मला दिसत होतं, रिकामं खोकं दिसत होतं. त्यापेक्षा मला त्याचा गार पाय परवडला. हे मी जातीवर ढकलणार नाही. जातीनं माझं जे काय केलं ते केलं, त्याचा हिशेब निराळा. 'नाय' हा शब्द माझ्या तोंडातून जातीनं काढला नाही, मी काढला. सूड होता का आत कुठं? मी तेही शोधून बघितलंय, पुष्कळदा. नव्हता. असता तर सांगितलं असतं, आता लपवून काय करू? मला तो माणूस हवा होता, आणि जसा हवा होता तसा हवा होता.

पावसाळ्याआधी बुटाचा खिळा अंगठ्याला लागला. तांदळाएवढी जखम. ती भरेना. मी रोज धुतली, रोज पट्टी बांधली. इतकी चांगली पट्टी मी जन्मात कुणाला बांधली नसेल. दोन बोटं मोकळी, गाठ बाजूला, घडी एकसारखी. मल्हारी कौतुकानं बघायचा. खात्यातल्या लोकांना दाखवायचा. मी त्याला मोठ्या दवाखान्यात जा असं म्हणालो का? एकदा म्हणालो, असं, जाता जाता, दुसरीकडं बघत. रजा मिळणार नाही म्हणाला, मी जोर धरला नाही. आणि पट्टी बांधून झाली की आम्ही मागं जाऊन बिडी पेटवायचो.

जे मी तोंडानं सांगितलं नाही, ते शेवटी त्याच्या बायकोनं बघितलं. गयाबाईनं. करमाडच्या घरी एका सकाळी पट्टी सरकली, तिनं पाय उजेडात धरला. ती शाळेत गेलेली नाही. पण तिला नवऱ्याचा रंग माहीत होता. अंगठ्याच्या शेंड्याला बोट लावून ती म्हणाली, "हा आपला काळा न्हाय. ह्यो कोळशाचा काळा हाय." त्याच सकाळी तिनं त्याला बसमध्ये घातलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं.

मला तीन दिवसांनी कळलं. गेलो. माझाच जुना वॉर्ड. मल्हारीचा उजवा पाय गुडघ्याखाली काढलेला होता. तो गुंगीत होता, गयाबाई खाली जमिनीवर बसली होती. विमल सिस्टर निवृत्तीला आल्या होत्या, पण होत्या. त्यांनी मला बाजूला बोलावलं.

"आला तेव्हा याच्या पायाला पट्टी होती," त्या म्हणाल्या. "गाठ बघितली आणि ओळखली. तुझी."

मी मान हलवली.

"हात लावून बघितलं नव्हतंस?"

"बघितलं होतं," मी म्हणालो.

त्या माझ्याकडं बघत राहिल्या. शेजारच्या खाटेवर सलाईन संपत आलं होतं, तिकडं गेल्या. मी त्यांना पुन्हा कधी भेटलो नाही. मुद्दाम भेटलो नाही.

मल्हारीची कारखान्यातली नोकरी गेली. तो कुबड्या घेऊन करमाडला मेंढरांत परतला. मेंढरांमागं चालायचं राहिलं, मेंढवाड्याच्या तोंडाशी बसून मोजायचं काम घरच्यांनी त्याला दिलं. दवाखान्यातून गेल्यावर त्याचे दोन-तीन निरोप आले — ये एकदा घरी. मी गेलो नाही. कामाचं कारण होतं. कारणं काय, हवी तेवढी असतात. तो वारला त्याला आता तीन वर्षं झाली. अंत्यविधीला मी मागं उभा होतो.

पण मधल्या काळात एकदा गेलो होतो. ते सांगतो, मग संपलं.

विद्यापीठाला अखेर बाबासाहेबांचं नाव लागलं, ते दिवस संक्रांतीचे. आमच्याकडं दिवाळी होती, काही गावांत दारं बंद होती. त्याच आठवड्यात मल्हारीचा निरोप आला, या वेळी शब्द निराळे होते. आता तर ये, घरात जेवायला ये. मी गेलो. खिशात बिडीचं नवं बंडल घेऊन गेलो. जेवण झाल्यावर ओढू, पूर्वीसारखी, असं डोक्यात.

ओसरीवर चार शेजारी बसले होते, बहुधा बघायलाच. मल्हारी कुबडीवर उभा राहिला आणि मला ओसरी ओलांडून आत घेऊन गेला. चुलीपाशी. गयाबाईनं पाट मांडला होता. त्यांच्याच घरची जेवायची पितळी. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, भोगीला करतात ती भाजी, वर लोण्याचा गोळा. त्याची म्हातारी आई कोपऱ्यातून म्हणाली, "सगेसोयरे लांबून बघत व्हते, लेकरा. तू पाय मांडीवर घेतलास." दारातनं शेजारी ऐकत होते. म्हणजे त्यांना ऐकवण्यासाठीच म्हणत होती ती. तुम्हाला सांगतो, मी जन्मभर ज्या घासाची वाट बघितली तो समोर वाढलेला होता.

मल्हारी माझ्याजवळ खाली बसला, एक पाय लांब करून. माझ्या खिशाकडं बोट दाखवलं.

"ते टाकून दे, डागदर. म्या दवाखान्यातच सोडली. मोठे डॉक्टर म्हणले, बिडीनंच झालं समदं."

मी खिशावर हात ठेवला.

"तू बी फसलास," तो म्हणाला. "तुला ठावं असतं तर तू सांगितलंच असतंस की."

बिडी नव्हती, आणि तो माझ्याजवळ बसला होता. त्याचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागत होता. त्यानं माझ्या पितळीतली भाकरी मोडली आणि एक तुकडा तोंडात टाकला. सांगायची वेळ हीच होती, मला कळत होतं. कोणी घाई करत नव्हतं. चुलीत एक काटकी तडकली.

गयाबाईनं टोपल्यातून भाकरी उचलली. "भाऊ, आणखी अर्धी वाढू का?"

मी पितळी पुढं सरकवली आणि म्हणालो, "वाढा."